युनिक्स कोणाचे?

अमेरिकेच्या युटा राज्यातील न्यायालयात मार्च २००३ मध्ये 'एस. सी. ओ. ग्रुप' नावाच्या एका बेताच्या कंपनीने 'आय. बी. एम.'सारख्या बलाढ्य कंपनीवर दावा गुदरला, तेव्हा तिची मागणी शंभर कोटी डॉलर भरपाईची होती. पुढे ती पाचशे कोटींवर गेली. मधल्या काळात फिर्यादी कंपनीचे दिवाळे निघाले, न्यायाधीश बदलले, अपिले झाली, उलटअपिले झाली. आणि अठरा वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, दिवाळखोरीचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्ताने एक कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड मान्य केली. वाढवलेल्या मागणीशी ताडून पाहिले तर हे हजारी तीनही भरत नाहीत. एवढ्यावरून हा दावा पोरकट होता असे कोणी म्हणेल, तर ते मात्र खरे नव्हे. दाव्याच्या मुळाशी असलेला प्रश्न पोरकट नव्हता. शेकडो हातांनी, अनेक विद्यापीठांतून आणि तीन दशकांच्या कालावधीत घडत गेलेली एक बौद्धिक कृती कोणाच्या मालकीची मानायची, हा तो प्रश्न होता. ती कृती म्हणजे 'युनिक्स' ही संगणकाची कार्यप्रणाली, आणि वाद होता तो तिच्या रूपावर घडवलेल्या 'लिनक्स'विषयी.

कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला सर्रास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, हे संगणकाच्या कचेरीतील शिरस्तेदाराचे काम करते. कोणते काम आधी, कोणते नंतर, कोणता कागद कोणत्या कपाटात, कोणाला कोणते दप्तर उघडण्याची मुभा, हे सारे तिच्या हाती. पत्र लिहिणारा किंवा हिशेब करणारा प्रोग्राम तिच्या परवानगीवाचून पाऊल टाकू शकत नाही. ही प्रणाली माणसे ज्या भाषेत लिहितात ती मूळ संहिता, आणि यंत्राला चालवण्यासाठी तिचे जे रूपांतर होते ते निव्वळ आकडे. विकणारी कंपनी सामान्यतः हे आकडेच हवाली करते. गणिताच्या वहीत उत्तर लिहिले, रीत लिहिली नाही, तर शिक्षक गुण कापतो. सॉफ्टवेअरच्या व्यापारात मात्र रीत लपवणे हाच धंद्याचा पाया ठरला. मूळ संहिता ज्याच्या हाती, त्यालाच चूक शोधता येते, दुरुस्ती करता येते, आणि आत काही भलते दडवलेले नाही ना, हेही पाहता येते. बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा.

कायद्याने लादलेले औदार्य

युनिक्सचा जन्म १९६९ साली न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत झाला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या संगतीने चाललेल्या 'मल्टिक्स' नावाच्या अवजड प्रकल्पातून प्रयोगशाळेने अंग काढून घेतले होते. तेथे काम केलेल्या केन टॉम्प्सनने एका अडगळीतल्या छोट्या संगणकावर आपल्या सोयीपुरती प्रणाली उभी केली; डेनिस रिची त्याच्या जोडीला होता. नवा मोठा संगणक मिळावा म्हणून या मंडळींनी वरिष्ठांना जे कारण दिले ते मजकूर-संस्करणाचे, आणि त्यांचे पहिले गिऱ्हाईक ठरले ते प्रयोगशाळेचे पेटंट खाते. तेथील टंकलेखकांनी अर्ज टाइप करण्यासाठी ही प्रणाली वापरली. जगातील महासंगणक आज ज्या वंशाच्या प्रणालीवर चालतात, तिची पहिली परीक्षा कारकुनांनी घेतली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९७३ मध्ये ती रिचीनेच घडवलेल्या 'सी' भाषेत नव्याने लिहिली गेली, आणि त्यामुळे एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे शक्य झाले.

आता प्रश्न असा की, बेल प्रयोगशाळेची मालक 'ए. टी. अँड टी.' ही दूरध्वनीची मक्तेदार कंपनी. तिने ही संपत्ती विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, तीही मूळ संहितेसह, का दिली? याचे उत्तर औदार्यात नाही, कायद्यात आहे. १९५६ च्या मक्तेदारीविरोधी हुकूमनाम्याने या कंपनीला दूरसंचाराखेरीज अन्य व्यवसाय करण्यास मनाई केली होती. सॉफ्टवेअर विकता येत नव्हते, म्हणून ते वाटले गेले. वाटताना कंपनीची अट स्वच्छ होती: मदत मिळणार नाही, चुका दुरुस्त करून मिळणार नाहीत. या बेपर्वाईचा परिणाम कोणाच्याही ध्यानीमनी नव्हता असा झाला. मालक दुरुस्ती करीत नाही म्हटल्यावर वापरणारेच एकमेकांच्या चुका दुरुस्त करू लागले आणि दुरुस्त्यांच्या टेपा टपालाने एकमेकांकडे धाडू लागले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी तर १९७७ च्या सुमारास संपूर्ण संहिता ओळीओळीने समजावून देणारे भाष्य विद्यार्थ्यांसाठी लिहिले.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर वारे फिरले. परवान्यात नवे कलम आले: वर्गात ही संहिता शिकवू नये. लायन्स यांचे भाष्य रीतसर मिळेनासे झाले. पण शिकण्याची भूक कलमाने मरत नाही. छायाप्रतीची छायाप्रत, तिचीही छायाप्रत, अक्षर पुसट झालेली अशी ती पाने संगणकशास्त्राच्या एका अख्ख्या पिढीने चोरून वाचली. ग्रंथरूपाने ती उघडपणे प्रसिद्ध झाली ती १९९६ साली. १ जानेवारी १९८४ रोजी न्यायालयीन तडजोडीनुसार ए. टी. अँड टी.चे विभाजन झाले. त्याबरोबर जुन्या हुकूमनाम्याचे बंधनही गेले आणि कंपनी सॉफ्टवेअरच्या बाजारात विक्रेती म्हणून उतरली. मक्तेदारी मोडण्यासाठी केलेल्या उपायाने ज्ञानाचे एक दार बंद केले, असा हा विचित्र योग होता.

कुंपण घालण्यास मनाई

या बंद होत गेलेल्या दारांविरुद्ध पहिली सुसूत्र तक्रार केली ती मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी. निमित्त क्षुल्लक होते. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना जावी, अशी सुधारणा त्यांनी त्याच्या प्रोग्राममध्ये केली होती. नवे लेझर छपाईयंत्र आले, पण त्याची संहिता आली नाही. ती ज्याच्याजवळ होती त्याने गोपनीयतेच्या करारावर सही केली होती, म्हणून त्याने नकार दिला. स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये युनिक्ससारखीच, पण सर्वांना मुक्त असलेली 'ग्नू' ही प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला आणि पुढील जानेवारीत नोकरी सोडली.

स्टॉलमन यांनी पुष्कळ उत्तम प्रोग्राम लिहिले. तथापि त्यांची सर्वांत मोठी निर्मिती प्रोग्राम नसून एक दस्तऐवज आहे: १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना. सॉफ्टवेअर सार्वजनिक म्हणून टाकून द्यावे, तर कोणीही धनिक ते उचलून, चार ओळी वाढवून, आपले म्हणून कुलूपबंद करू शकतो. स्टॉलमन यांनी स्वामित्वहक्काचा कायदा नाकारला नाही. तोच हाती घेऊन उलटा फिरवला. हक्क माझा आहे, आणि त्या हक्काने मी अट घालतो की वापरा, बदला, वाटा, विका सुद्धा. मात्र ज्याला द्याल त्याला मूळ संहिता आणि हेच सारे अधिकार दिले पाहिजेत. गावच्या गायरानासारखी ही व्यवस्था आहे. गुरे कोणाचीही चरोत, कुंपण कोणालाच घालता येणार नाही. फरक एवढाच की येथे चरल्याने गवत कमी होत नाही.

ग्नूचे सारे अवयव तयार होत गेले, पण यंत्राशी थेट बोलणारा गाभा काही केल्या पुरा होईना. ती उणीव १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने भरून काढली. त्याचा प्रारंभबिंदू होता 'मिनिक्स', म्हणजे ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये, युनिक्स शिकवण्यास मनाई झाली म्हणून, केवळ शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी प्रणाली. मनाईतून मिनिक्स, मिनिक्समधून लिनक्स: परवान्यातील एका कलमाने केवढी संतती दिली! १९९२ मध्ये टोरवाल्ड्सने स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला.

येथे नशिबाचाही भाग होता, आणि तो मान्य केला पाहिजे. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने युनिक्समध्ये इतकी भर घातली होती की १९९० च्या सुमारास मूळ संहितेचा फारच थोडा अंश उरला होता. आजच्या इंटरनेटचे संदेशवहन १९८३ मध्ये याच बर्कली आवृत्तीतून सर्वदूर गेले. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला ज्या 'सन' कंपनीचे एक संस्थापक, तिचे आरंभीचे यश याच आवृत्तीवर उभे होते. ही आवृत्ती पूर्णपणे मुक्त होण्याच्या बेतात असताना १९९२ मध्ये ए. टी. अँड टी.च्या उपकंपनीने दावा लावला. विद्यापीठाने उलट फिर्याद केली की, आमची संहिता तुम्ही घेतलीत आणि आमचे नाव मात्र गाळलेत. १९९४ मध्ये समेट झाला, तेव्हा अठरा हजार फाइलींपैकी काढून टाकाव्या लागल्या त्या अवघ्या तीन. पण त्या दोन वर्षांत जी मंडळी बर्कलीच्या वाटेने गेली असती ती कज्जाच्या भयाने लिनक्सकडे वळली. ही आवृत्ती वेळेवर हाती आली असती, तर लिनक्स लिहिण्याची गरजच भासली नसती, असे टोरवाल्ड्सने स्वतःच सांगितले आहे.

परिशिष्टातील एक ओळ

१९८० च्या दशकात प्रत्येक यंत्रविक्रेत्याने आपापले युनिक्स काढले, आणि प्रत्येकाने त्यात थोडा थोडा फरक केला, हेतू हा की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊ नये. १९८८ मध्ये तर ए. टी. अँड टी. व सन एका बाजूला आणि आय. बी. एम., डिजिटल, ह्युलेट-पॅकार्ड दुसऱ्या बाजूला अशा दोन छावण्या पडल्या. या भाऊबंदकीचा लाभ मायक्रोसॉफ्टला झाला. मायक्रोसॉफ्टने स्वतः १९८० मध्ये युनिक्सचा परवाना घेऊन 'झेनिक्स' नावाने ते विकले होते. पुढे तिने विंडोजवर सारे लक्ष केंद्रित केले आणि घराघरांतील, कचेऱ्याकचेऱ्यांतील संगणक जिंकले. २००१ मध्ये तिचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. त्याच वर्षी आय. बी. एम.ने लिनक्सवर शंभर कोटी डॉलर खर्च करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. हा काही धर्मादाय नव्हता. सनची महागडी यंत्रे आणि मायक्रोसॉफ्टची मिरास यांना शह देण्याचे ते स्वस्त हत्यार होते.

या पार्श्वभूमीवर एस. सी. ओ.चा दावा आला. युनिक्सचा व्यवसाय ए. टी. अँड टी.कडून १९९३ मध्ये 'नॉव्हेल'कडे, तिच्याकडून १९९५ मध्ये 'सांताक्रूझ ऑपरेशन'कडे आणि २००१ मध्ये 'काल्डेरा'कडे गेला होता. काल्डेरानेच पुढे एस. सी. ओ. हे नाव धारण केले. वास्तविक काल्डेरा ही मूळची लिनक्स विकणारी कंपनी. आय. बी. एम.ने आमच्या युनिक्समधील संहिता लिनक्समध्ये घुसडली, असा तिचा आरोप. लिनक्स वापरणाऱ्यांनी प्रत्येक सर्व्हरमागे ६९९ डॉलर भरावेत, असेही तिने फर्मावले. मायक्रोसॉफ्टने मे २००३ मध्ये तिच्याकडून परवाना घेतला, ही गोष्ट अर्थातच कोणाच्या नजरेतून सुटली नाही.

चोरलेल्या ओळी कोणत्या, हे मात्र ती सांगेना. ऑगस्ट २००३ मध्ये लास व्हेगास येथील सभेत तिने काही नमुने पडद्यावर दाखवले, तेही ग्रीक अक्षरांच्या टंकात बदलून, वाचता येऊ नयेत म्हणून! जाणकारांनी ते लगेच वाचले. एक तुकडा जुन्या युनिक्समधील निघाला, आणि ते युनिक्स काल्डेराने स्वतःच २००२ च्या जानेवारीत सर्वांना खुले केले होते. दंडाधिकारी न्यायाधीश ब्रूक वेल्स यांनी २००६ मध्ये आरोपांचा मोठा भाग फेटाळला. दुकानातून बाहेर पडणाऱ्या माणसाला चोर म्हणून अडवले, तर निदान त्याने काय चोरले ते तरी त्याला सांगाल की नाही, अशा आशयाचा सवाल त्यांनी केला. पामेला जोन्स या वकिली कचेरीत साहाय्यकाचे काम जाणणाऱ्या बाईंनी दाव्याचा कागद न् कागद जमवून जगासमोर ठेवला, आणि कायद्याच्या भाषेपुढे बिचकणाऱ्या प्रोग्रामरांनी तो वाचून त्यातील तांत्रिक दावे तपासले.

निकाल लागला तो मात्र एका परिशिष्टामुळे. नॉव्हेलने जाहीर केले की, १९९५ मध्ये आम्ही युनिक्सचा व्यवसाय विकला, स्वामित्वहक्क विकलेच नव्हते. करारनाम्याला जोडलेल्या वगळलेल्या मालमत्तेच्या यादीत स्वामित्वहक्कांचा स्पष्ट उल्लेख होता. खरेदीदाराजवळ पुरेसा पैसा नव्हता, म्हणून जुन्या परवानाशुल्काचा ९५ टक्के हिस्साही नॉव्हेलकडेच राहील, असे तेव्हा ठरले होते. पुढील वर्षीच्या एका दुरुस्तीने ही यादी थोडी संदिग्ध केली, आणि त्या संदिग्धतेवर सात वर्षे वकिली झाली. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीशांनी नॉव्हेलच्या बाजूने कौल दिला. पुढच्याच महिन्यात एस. सी. ओ.ने दिवाळखोरीचा अर्ज केला. अपिलात प्रकरण परत आले, पण मार्च २०१० मध्ये ज्यूरीनेही तेच सांगितले: हक्क नॉव्हेलचे. ज्या वस्तूच्या चोरीबद्दल आकाशपाताळ एक केले, ती फिर्यादीच्या घरची नव्हतीच. व्यवहार करताना जोडपत्रे वाचावीत, हे कोणत्याही महसूल खात्यातील अव्वल कारकुनाला ठाऊक असते.

लिनक्सचा जय झाला, असे यावरून म्हणावयाचे काय? आकडे तसेच सांगतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिले पाचशे महासंगणक एकजात लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड दूरध्वनींचा गाभा तोच. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लिनक्स प्रतिष्ठानचे सभासदत्व घेतले. परंतु गायरानाच्या कडेला नवी घरे उठली आहेत, आणि त्यांच्या मालकांची नजर साधी नाही. आय. बी. एम.ने २०१९ मध्ये लिनक्सची अग्रगण्य कंपनी 'रेड हॅट' ३४०० कोटी डॉलरना विकत घेतली. २०२० च्या डिसेंबरमध्ये रेड हॅटने 'सेंटओएस' या विनामूल्य जुळ्या आवृत्तीचा शेवट जाहीर केला, आणि जून २०२३ मध्ये आपल्या मुख्य आवृत्तीची संहिता ग्राहकांपुरती मर्यादित केली. परवान्याचे अक्षर पाळले गेले. त्याचा आत्मा पाळला गेला असे म्हणणे कठीण आहे. गंमत अशी की, मोकळिकीची बाजू घेऊन पुढे आलेल्यांत 'ओरॅकल' होती. अँड्रॉइडमधील जावाच्या संहितेसाठी तिने गुगलला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खेचले होते, आणि २०२१ मध्ये ती तेथे हरली होती.

आपल्या दप्तरात

भारत सरकारने २०१५ मध्ये धोरण जाहीर केले की, सरकारी संगणकव्यवस्थेत खुल्या सॉफ्टवेअरला पसंती द्यावी आणि निविदेत त्याचा विचार अनिवार्य करावा. 'सी-डॅक'च्या चेन्नई केंद्राने त्याआधीच 'बॉस' ही भारतीय भाषांत चालणारी लिनक्स आवृत्ती काढली होती. केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग कधीच धरला आहे. महाराष्ट्रातील सामान्य कचेरी आणि शाळा मात्र विंडोजवर चालते, आणि याला केवळ अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल. हात बसलेला असतो. छपाईयंत्र आणि सहीची किल्ली त्याच यंत्रावर चालते. बिघडले तर गावातला दुरुस्तीवाला तेवढेच जाणतो. फुकटचे सॉफ्टवेअर आणि त्यासाठी वर्षभर ताटकळणारा कारकून, यात दुसरा खर्च कोणत्याही निविदेत लिहिला जात नाही.

तरीही दुसरी बाजू पाहिलीच पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची विनामूल्य देखभाल थांबवली, आणि पुढील आवृत्तीच्या अटींत २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक बसत नाहीत. शाळेच्या खोलीतील धडधाकट यंत्र म्हातारे झाले ते झिजून नव्हे, दूरच्या एका निर्णयाने. त्याच वर्षीच्या जुलैत, मुंबईत मुख्यालय असलेल्या 'नायरा एनर्जी' या तेलशुद्धीकरण कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घालताच मायक्रोसॉफ्टने तिची टपाल आणि बैठकींची सेवा बंद केली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांत ती सुरू झाली. निर्बंध भारताचे नव्हते, दप्तर भारतातले होते. आणि इतके दूर तरी कशाला जावे? जुन्या खासगी टंकांत टाइप केलेले वीस वर्षांपूर्वीचे मराठी परिपत्रक आजच्या युनिकोड संगणकावर उघडले की देवनागरीऐवजी रोमन चिन्हांची खिचडी दिसते. अक्षरे आपली, भाषा आपली. ती कोणत्या आकड्याने साठवायची, ही रीत मात्र ज्याने विकली त्याची. ती परिपत्रके पुन्हा टाइप करणारे हात कारकुनांचेच असतात.

युनिक्स हे नाव आज 'ओपन ग्रुप' या संस्थेच्या ताब्यात आहे. तिच्या कसोटीला उतरेल त्याला ते लावता येते. एस. सी. ओ.चा उरलासुरला सॉफ्टवेअर व्यवसाय २०११ मध्ये एका नव्या कंपनीने घेतला, तिचे आताचे नाव 'झिन्युऑस'. जुन्या दाव्याची तडजोड होण्यास काही महिने उरले असताना, ३१ मार्च २०२१ रोजी, या कंपनीने आय. बी. एम. आणि रेड हॅट यांच्याविरुद्ध संहिता चोरल्याचा नवा दावा दाखल केला. त्यासाठी तिने निवडलेले न्यायालय कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांवरचे होते.